आमच्या टेकडीच्या चावीवाल्या काकांना, जाहीर आभार

काका, सप्रेम नमस्कार.

दरवर्षी फेब्रुवारीत मुंबई महापालिकेचा अर्थसंकल्प मांडला जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरभर आकडे येतात. २०२५-२६ चा आकडा होता ७४,४२७ कोटी. सागरी किनारा मार्ग, मलजल प्रक्रिया केंद्रं, काँक्रीटचे रस्ते, रुग्णालयं… वर्षभरात काय केलं याची यादी लांबलचक असते. त्यातली बरीच कामं डोळ्यांना दिसतातही, तेव्हा उगाच नावं ठेवायची नाहीत. पण पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायची लोखंडी चावी खांद्यावर घेऊन पहाटेच्या अंधारात टेकडी चढणारा माणूस त्या यादीत कधी सापडत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं.

तुमचं नाव मात्र लिहीत नाही. "नाव नको ताई, साहेब विचारतील काय भानगड आहे," असं तुम्हीच म्हणालात. घाटकोपर पश्चिमेच्या या टेकडीवर तुम्हाला नावानं हाक मारतंय तरी कोण म्हणा. आमच्या पोरांना तुम्ही पाणीवाले काका, म्हाताऱ्यांना चावीवाला, आणि पाणी दहा मिनिटं उशिरा आलं की काय काय, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आभार मुख्यतः जुलैचे. पाऊस धो धो आणि आमच्या गल्लीत एका घराआड एका घरात जुलाब-उलट्या. नळ सुटला की पहिली काही मिनिटं पाण्याला गटाराचा वास, मग हळूहळू स्वच्छ. महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही कनिष्ठ अभियंत्यांना घेऊन हजर. आम्ही मनाशी ठरवूनच बसलो होतो की वरूनच घाण पाणी सोडतात. तुम्ही वाद घातला नाहीत. खालच्या वळणावरच्या नळाचं पाणी छोट्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. म्हणजे शुद्धीकरणाचं क्लोरीन पाण्यात आहे. तसंच आमच्या नळाचं घेतलं, तर रंगच येईना. "बाई, बिघाड या दोन नळांच्या मधे आहे," एवढंच म्हणालात आणि टॉर्च घेऊन गटारात उतरलात.

मुख्य जलवाहिनीपासून घरापर्यंतचा पाइप ग्राहकाचा, त्याची देखभालही ग्राहकानंच करायची, हे आमच्यातल्या निम्म्यांना त्या दिवशी कळलं. चाळीचा तो पाइप गटाराच्या कडेनं, काही ठिकाणी गटारातूनच गेलेला. गंजून चाळण झालेली. पाणी चालू असताना आतला दाब जास्त, तेव्हा भोकातून पाणी बाहेर गळतं. पुरवठा बंद झाला की दाब जातो आणि गटारातलं पाणी त्याच भोकांतून आत ओढलं जातं. पुढच्या पहाटे पहिल्या धारेला तेच आमच्या हंड्यात. तुम्ही हे ज्या सोप्या पद्धतीनं समजावलंत, तसं आमच्या शाळेत विज्ञान शिकवलं असतं तर बरं झालं असतं. नवा पाइप गटार सोडून भिंतीच्या कडेनं उंचावरून न्या, प्लंबर परवानाधारकच घ्या, आणि तोवर पाणी उकळून प्या, हेही दारोदार जाऊन सांगितलंत. ते काही तुमच्या ड्युटीत बसत नव्हतं.

त्यानंतर मी तुमचं काम जरा लक्ष देऊन बघायला लागले. रस्त्यातलं झाकण उचलायचं, आत झुरळं आणि साचलेलं पाणी, त्यात चावी बसवायची आणि दोघांनी मिळून फिरवायची. फिरवायचीही सावकाश. घाईत उघडलं तर पाण्याचा दणका बसून जुनी लाइन फुटते, बंद करतानाही तेच. कुठला व्हॉल्व्ह किती आट्यांवर ठेवला की टेकडीच्या माथ्यावर पाणी चढतं आणि खालच्या गल्लीत बोंब होत नाही, हा हिशेब तुमच्या मनगटात आहे. खालच्या कुणी गुपचूप मोटर लावली तर वरच्या नळाच्या धारेवरून तुम्हाला कळतं. नकाशात रेषा असतील, पण हे कुठे लिहून ठेवलेलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही निवृत्त व्हायच्या आत एखाद्या तरुण पोराला तुमच्याबरोबर वर्षभर फिरवावं, एवढं तरी जलखात्यानं करावं. अर्थसंकल्पाच्या मानानं हा खर्च काहीच नाही.

मुंबईचं पाणी ही मोठी गोष्ट आहे, मान्यच. विहार तलाव १८६० सालचा, मग तुळशी, १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, अगदी अलीकडे २०१४ मध्ये मध्य वैतरणा. भातसा आणि अप्पर वैतरणा धरून सात तलाव, आणि दिवसाला साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी. वैतरणा-तानसाचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून बरंचसं उतारानंच भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रापर्यंत येतं. भातशाचं पिसे इथे उपसून पांजरापूरला शुद्ध करावं लागतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पिसे इथल्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली, तेव्हा सगळ्या शहराला कळलं पिसे कुठे आहे. एवढं करून घरगुती वापराचं हजार लिटर पाणी दहा रुपयांच्या आत. बाहेर वीस लिटरच्या जारला किती मोजावे लागतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

पण हे सगळं आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत. पुढचं तुमच्या चावीवर. २०२४ च्या उन्हाळ्यात तलावांचा साठा दहा टक्क्यांच्याही खाली गेला, ३० मेपासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात लागली. कागदावर दहा टक्के सगळ्यांना सारखेच. प्रत्यक्षात दाब कमी झाला की खालच्याला पाणी बारीक येतं आणि टेकडीवरच्याला येतच नाही. त्या दिवसांत तुम्ही खालचा व्हॉल्व्ह थोडा आवळून आधी वर पाणी चढवायचात आणि त्यापायी खालच्यांच्या शिव्या खायचात. खालचे आज वाचत असतील तर त्यांनीही हे जाणून घ्यावं.

माथ्यावरच्या झोपड्यांचीही आठवण करून द्यायची आहे. २००० नंतरच्या झोपडीला नळ मिळत नसे. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं निकाल दिला की घर अनधिकृत असलं तरी माणसाचा पाण्याचा हक्क जात नाही. २०२२ मध्ये महापालिकेनं 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं. तिथे नळ आले तेव्हा अर्ज कुठे द्यायचा, पाच घरांनी मिळून जोडणी कशी घ्यायची, हे त्या बायकांना पायरीवर बसून कुणी सांगितलं, ते त्यांना विचारा.

तुमचं गाव शहापूर तालुक्यातलं. भातसा, तानसा, मोडकसागर तुमच्याच तालुक्यात, आणि उन्हाळ्यात तिथल्या पाड्यांवर टँकर. तुम्ही सुट्टीवर गावी जाता आणि बायकोबरोबर विहिरीवर नंबर लावता, हे तुम्ही हसत सांगितलंत. मला हसता आलं नाही. महापालिकेच्या वार्षिक कामगिरीच्या पुस्तिकेत शहापूरच्या पाड्यांसाठी दरवर्षी एक पान असावं आणि ते कोरं नसावं, असं मला मनापासून वाटतं. आमचे नगरसेवक हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी हा निरोप.

आता आमच्याकडून. वळणावरच्या चेंबरच्या झाकणावर गाडी लावणाऱ्या दोघांशी बोलणं झालं आहे, तिसऱ्याशी होईल (तो जरा तिरसट आहे). गल्लीचा पाइप तुम्ही म्हणालात तसाच वर घेतला. मागच्या बाजूचा एक तुकडा अजून गटारालगत आहे, त्याची वर्गणी जमते आहे. आणि माघी गणपतीच्या पूजेला या वर्षी यायचंच. मागच्या खेपेला ड्युटीचं कारण सांगितलंत. म्हणून या वेळी पूजा संध्याकाळी ठेवली आहे, पाणी तर आपलं पहाटेचं.

तुमची,
टेकडीवरच्या चाळीतली एक रहिवासी