निकेल सिल्व्हरच्या नावाखाली पोलादी रूळ विकल्याबद्दल तक्रार

राजारामपुरी, कोल्हापूर
दि. ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मॉडेल रेल्वेच्या एचओ (१:८७ प्रमाणाच्या) फ्लेक्स ट्रॅकचे, म्हणजे हवे तसे वाकवता येणाऱ्या रुळांचे, ६४ नग निकेल सिल्व्हर म्हणून विकून प्रत्यक्षात मुलामा दिलेले पोलादी रूळ पाठवल्याबद्दल.

महोदय,

ऑक्टोबर २०२४ मध्ये मी तुमच्याकडून कोड ८३ चे (हा रुळाच्या उंचीचा आकडा) ६४ फ्लेक्स ट्रॅक घेतले. नगाला ७८० रुपये, एकूण ४९,९२० रुपये, पूर्ण रक्कम आगाऊ भरली. बिलावर आणि प्रत्येक खोक्यावर 'निकेल सिल्व्हर' असे छापलेले आहे. आत आले ते निकेल सिल्व्हर, म्हणजे न गंजणारा मिश्रधातू, नाही. ते पोलाद आहे, त्यावर पांढरा मुलामा आहे, आणि यंदाच्या पावसाळ्यात ते गंजले. जूनपासून मी तुमच्याकडे तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा उत्तर आले ते ओलीबद्दल, म्हणजे तळघरातल्या दमटपणाने गंज आला असे. माझा प्रश्न धातूबद्दल आहे, म्हणून आता सगळे लेखी देत आहे.

'माल न वापरता, मूळ खोक्यात परत पाठवा' असे तुमच्या माणसाने फोनवर सांगितले. ते का शक्य नाही, हे कळण्यासाठी रूळ कुठे बसवलेत ते आधी सांगावे लागेल.

मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली, तीही कोल्हापूर संस्थानाच्या पैशातून. १९७१ मध्ये मीटरगेजची ब्रॉडगेज झाली. पण रूळ कोल्हापुरात येऊन थांबले ते थांबलेच. कोकणात उतरणाऱ्या गाडीच्या गोष्टी आम्ही नुसत्या ऐकत आलो. मी पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी नमुने बनवणारा. शिरोलीच्या फाउंड्रीत ३४ वर्षे काढून निवृत्त झालो आणि ती रेल्वे घराच्या तळघरात बांधायला घेतली. १८ फूट बाय ११ फूट जागा. माझ्या कल्पनेत ब्रॉडगेज झाल्यावर लाईन तशीच पुढे कळे, साळवण, गगनबावडा करत घाट उतरून वैभववाडीला गेली. अशी लाईन कुठेच नाही, त्यामुळे नक्कल करायला नकाशा नाही. स्टेशन कुठे, वळण किती, चढ किती, सगळे स्वतःच ठरवायचे. खंडाळ्याच्या घाटात चढ १:३७ आहे, मी १:४० धरला. कोपऱ्यात २४ इंच त्रिज्येचे गोल वेटोळे घेतले. एका वेढ्यात गाडी साधारण साडेनऊ सेंटीमीटर चढते, म्हणजे खालच्या रुळावरून डबा डोके न आपटता निघून जातो. हे साधायला तीन महिने गेले. गूळ मार्केटच्या यार्डात चार सायडिंगा (गाड्या उभ्या करायचे बाजूचे रूळ) आहेत, आणि तिथे उतरलेले गुळाचे रवे मी सागाच्या तुकड्यांतून लेथवर काढलेत, प्रत्येक रवा ज्वारीच्या दाण्याएवढा.

ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटर. १:८७ च्या प्रमाणात रुळांमध्ये १९.३ मिलिमीटर अंतर हवे. बाजारात सहज मिळणारा एचओ ट्रॅक १६.५ चा. ती तडजोड मी समजून-उमजून केली. धातूच्या तडजोडीबद्दल मला कुणी विचारलेच नाही.

६४ पैकी ५२ नग बसवून झालेत. त्यांतल्या ३८ वर एप्रिलमध्ये खडी पसरली, पाण्यात पातळ केलेले फेव्हिकॉल ड्रॉपरने थेंब थेंब सोडून ती पक्की केली. जूनच्या शेवटी साळवणच्या पुलाजवळ इंजिन अडखळायला लागले. वीज रुळांतूनच जाते, तेव्हा आधी चाके पुसली, मग तारांचे डाग (सोल्डरचे जोड) तपासले. सगळे ठीक होते. मग बॅटरी घेऊन वाकून पाहिले. रुळाचा माथा चांगला दिसत होता, पण बुडाला जिथे खडी टेकते तिथे तांबूस ठिपके होते. रूळ जिथे जिथे कापून जोडले होते तिथे गंज सर्वांत जास्त, आणि शेजारच्या राखाडी खडीत वितभर लांब तपकिरी डाग उतरलेला. कापलेल्या टोकाला मुलामा नसतो, म्हणून तिथे आधी गंज. एवढे कळायला फाउंड्रीत ३४ वर्षे लागत नाहीत.

तरी मी घाईने निष्कर्ष काढला नाही. खिळे वेचायला माझ्याकडे दांड्याला लावलेला चुंबक आहे. तो रुळाजवळ नेला आणि चटकन चिकटला. निकेल सिल्व्हर म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते: तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नसते, आणि त्याला चुंबक धरत नाही. मग न बसवलेल्या बारा नगांपैकी एक घेऊन उद्यमनगरातल्या जुन्या सहकाऱ्याच्या ग्राइंडरवर धरला. पोलादाच्या ठिणग्या उडाल्या. कानशीने मुलामा घासून उघड्या जागेवर मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) पाण्याचा थेंब सोडला, तर तिथे लगेच तांबडा थर चढला. लोखंडावर तांबे असे चढते. यातली कुठलीही चाचणी तुमच्या गोदामात पाच मिनिटांत होईल.

आता ओलीबद्दल. तळघरात पावसाळ्यात दमटपणा असतो हे मी नाकारत नाही. म्हणूनच तर निकेल सिल्व्हर मागवले, आणि त्यासाठी जास्त पैसे मोजले. पण २०२२ मध्ये दुसऱ्या दुकानातून घेतलेले सहा फ्लेक्स ट्रॅक त्याच तळघरात, त्याच प्लायवर, तीच खडी आणि तेच फेव्हिकॉल लावून बसवलेले आहेत. त्यांनी तीन पावसाळे पाहिले. थोडे काळवंडलेत, फडक्याने पुसले की लखलखीत. चुंबक त्यांना चिकटत नाही. हा फरक ओलीने पडलेला नाही. तुमच्याकडूनच घेतलेले आठ सांधेही (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) चांगले आहेत आणि त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. ते खरेच निकेल सिल्व्हरचे आहेत.

पुढच्या खरेदीवर १० टक्के सवलतीचे कूपन तुम्ही देऊ केले. ते मला नको. मला ४९,९२० रुपये परत हवेत. ते द्यायचे नसतील तर ६४ नग खऱ्या निकेल सिल्व्हरचे पाठवा, आणि पाठवण्याआधी प्रत्येक खोक्यातला एक रूळ चुंबकाने तपासून तसे लेखी द्या. पसंती तुमची. पण खडीखालचे ३८ नग उपसताना रंगवलेली खडी, स्लीपरच्या कडा, तारांचे डाग सगळे जाणार आहे. खडी, रंग आणि डागकामाच्या साहित्याचे ६,४०० रुपये मी वेगळे मागत आहे, त्याची बिले सोबत जोडली आहेत. माझ्या हाताच्या मेहनतीचा मोबदला यात धरलेला नाही, कारण त्याचा हिशेब मला रुपयांत करता येत नाही.

आणखी एक मागणी आहे, आणि ती माझ्यापुरती नाही. हाच माल त्याच नावाने तुमच्याकडे अजून विक्रीला आहे. त्याचे वर्णन आजच बदला. हा छंद करणारे आपल्याकडे मोजके. कुणी पगारातून बाजूला काढून महिन्याला दोन-दोन नग घेतो, कुणी मुलांबरोबर पहिलाच ट्रॅक टाकत असतो. त्यांच्याकडे ना ग्राइंडर आहे ना मोरचूद. गंज आला की असा नवखा समजेल की आपलेच काहीतरी चुकले, आणि सोडून देईल. मला याचे सर्वांत जास्त वाईट वाटते.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचे निवारण एका महिन्यात करावे लागते. उत्तरे आली, पण माझ्या पहिल्या दोन तक्रारींची रीतसर पोच आजतागायत नाही. हे पत्र मिळाल्यापासून महिनाभर मी थांबेन. नंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक राहतो तिथे दाद मागायची सोय त्या कायद्यात आहे. ती वेळ येऊ नये अशी मनापासून इच्छा आहे, कारण तुमचे सांधे चांगले आहेत आणि घाटाच्या खालच्या अर्ध्या भागासाठी मला आणखी सहा लागणार आहेत.

पार्सलमध्ये रुळाचे तीन तुकडे पाठवत आहे: एक गंजलेला, एक कानशीने घासलेला, एक कोरा. त्याच नगांचे उरलेले भाग खूण करून माझ्याकडे ठेवले आहेत. तुमचा माणूस तपासणीला येणार असेल तर सकाळी दहानंतर कधीही यावा. गौरी-गणपतीत नातवंडे येतात, तोवर मी खडी उकरायला घेणार नाही, त्यामुळे सगळे जागच्या जागी पाहता येईल.

आपला,
ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या बिलावर)

सोबत: बिलाची प्रत, खोक्यावरील छापील मजकुराचा फोटो, गंजलेल्या रुळांचे ११ फोटो, साहित्याची बिले, रुळाचे तीन तुकडे.