गाडीच्या एसीतला गॅस अंदाजाने नको, वजनाने भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुडाळ आणि सावंतवाडी स्टेशनवरून तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ल्याला पर्यटक पोचवणे हा गेली बारा वर्षे माझा धंदा आहे. आमच्या किनाऱ्यावर मे महिन्यात पारा विदर्भासारखा चढत नाही, पण दमट हवेने जीव नकोसा होतो. गाडीतल्या एसीला इथे हवा गार करण्याइतकेच ती कोरडी करण्याचेही काम पडते. उभ्या गाडीखाली पाण्याचे थारोळे साचते ते त्याचेच. त्यामुळे एसी बिघडला की आमचा हंगामच बिघडतो.

यंदा माझ्या गाडीचा एसी मंदावला. गावातल्या गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने बॉनेट उघडले, एका नळीला हात लावला आणि म्हणाला, "गॅस कमी झालो, थोडो मारतंय." टाकी जोडली, नळी हाताला गार लागेपर्यंत गॅस सोडला आणि आठशे रुपये घेतले. आठ दिवस बरे गेले. मग परत तेच, परत आठशे. त्यानंतर वेगळेच सुरू झाले. हायवेला गाडी पळत असली की बऱ्यापैकी गारवा, आणि मालवणच्या बाजारात गर्दीत अडकली की एसीतून गरम वाफ. गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा क्लच टक-टक करत लागायचा आणि सुटायचा. मागच्या सीटवर पुण्याच्या एक आजी होत्या, त्या अक्षरशः घामाघूम झाल्या. त्या दिवशी मला फार वाईट वाटले.

शेवटी कुडाळला गाड्यांच्या एसीचेच काम करणाऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्याने आधी मला बॉनेटखालचा एक छोटा स्टिकर दाखवला. बारा वर्षांत मी तो कधी वाचला नव्हता. त्यावर गॅसचे नाव आणि वजन लिहिले होते : आर-134ए, 420 ग्रॅम. मग त्याने मशिन लावून आतला सगळा गॅस काढून घेतला आणि तोलला. 590 ग्रॅम भरला! म्हणजे 170 ग्रॅम जास्त. गॅस मुळात कमी झालेलाच नव्हता. रेतीने आणि खाऱ्या धुळीने कंडेन्सरच्या, म्हणजे गाडीच्या पुढच्या भागात गॅस गार करणाऱ्या भागाच्या, जाळ्या बुजल्या होत्या आणि पुढचा पंखा मंद फिरत होता. दुखणे एक आणि औषध भलतेच.

जास्त गॅसने बिघडते काय, हे त्याने समजावले ते इतरांनाही कळावे म्हणून लिहितो. कंडेन्सरमध्ये गॅसचे पाणी होते, म्हणजे तो द्रव होतो आणि पोटातली उष्णता बाहेर टाकतो. प्रमाणाबाहेर गॅस भरला की कंडेन्सरच्या खालच्या नळ्या द्रवानेच तुंबतात, उष्णता टाकायला जागा उरत नाही आणि दाब चढतो. गाडी पळत असताना समोरचा वारा थोडेफार सांभाळून घेतो. गाडी थांबली की दाब हद्दीबाहेर जातो आणि सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो. माझी टक-टक ती हीच. त्याहून वाईट म्हणजे द्रव कॉम्प्रेसरकडे परतला तर कॉम्प्रेसर फुटू शकतो, कारण तो वायू दाबायला बनवलेला असतो आणि द्रव दाबला जात नाही. कमी गॅसही तितकाच घातक. कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस अपुरा असला की तेल परत येत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा घासतो. आमच्या स्टँडवरच्या एका मित्राचा असाच जाम झाला.

मी विचारले, मग दाब मोजणारे गेज लावून कळत नाही का? त्याचे उत्तर मला फार पटले. बंद गाडीत, आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी, दाब हवेच्या तापमानावर ठरतो. 30 अंशाला काटा 95-100 पीएसआयच्या (दाबाचे माप) आसपासच दिसणार, मग आत 300 ग्रॅम असो की 600. चालू गाडीत दाब बघून आजार ओळखता येतो, पण ग्रॅम मोजायला वजनकाटाच लागतो.

पुढचे काम मी तिथेच उभा राहून पाहिले. आधी कंडेन्सर गोड्या पाण्याच्या हलक्या धारेने धुतला (जोराच्या फवाऱ्याने पत्र्या वाकतात) आणि पंख्याची मोटर बदलली. मग पाऊण तास व्हॅक्यूम मारला, म्हणजे पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली. कोकणात हे टाळूच नये, कारण एसीचे तेल हवेतली ओल शोषते आणि त्या ओलीतून आत आम्ल तयार होऊन भाग खाल्ले जातात. पंप बंद करून अर्धा तास गेजचा काटा तसाच पाहत ठेवला. तो हलला नाही, म्हणजे लीकेज नाही. मग गॅसची टाकी डिजिटल काट्यावर ठेवली, आकडा शून्य केला आणि 420 ग्रॅम उतरताच वाल्व बंद. त्या दिवसापासून बाजारातल्या गर्दीतही गाडी गार राहते.

एसी ही बंद नळ्यांची साखळी आहे. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो खरेच कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळती न शोधता वरचेवर भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. शिवाय तो हवेत गेला की नुकसान सगळ्यांचेच. आर-134ए कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट उष्णता धरतो, आणि असे वायू कमी करण्याच्या किगाली कराराला भारताने 2021 मध्ये मान्यता दिली आहे. काही नव्या गाड्यांत आर-1234वायएफ हा वेगळा गॅस असतो. स्टिकर न वाचता एकात दुसरा मिसळू नका, आणि लेबल नसलेल्या टाकीतला स्वस्त गॅस तर मुळीच घेऊ नका. त्यात पेट घेणारे काही असू शकते.

आपण काजू घेताना तराजूचा काटा बघतो, पंपावर शून्य बघून पेट्रोल घेतो. गॅस भरतानाही काटा मागावा, स्टिकरवरचा आकडा दाखवायला सांगावे आणि भरलेले ग्रॅम बिलावर लिहून घ्यावेत, ही माझी सर्व गाडीवाल्यांना कळकळीची विनंती. गॅरेजवाल्यांवर माझा राग नाही. त्यांना हे कोणी शिकवलेले नसते. आपल्या तालुक्यांतल्या आयटीआयनी गॅरेजमधल्या पोरांसाठी दोन-तीन दिवसांचा वर्ग घेतला, तर गणपतीत मुंबईहून येणाऱ्या गाड्यांनाही त्याचा उपयोग होईल. त्या वर्गाला गाडी लागली तर मी माझी आणून उभी करीन.

आपला,
एक पर्यटक वाहनचालक, मालवण