तेजू, फॉर्म भर, पण आधी जेव

जिंतूर, रविवार

प्रिय तेजू,

काल मावशीला फोन केला होता, तुझ्या आहारशास्त्राच्या डिग्रीच्या फॉर्मचं काय ठरलं ते विचारायला. ती म्हणाली, "अगं, पोरगी रात्री नुसती काकडी खाऊन झोपते." मावशीवर रागावू नकोस. तिनं सांगितलं नसतं तरी निघायच्या आदल्या दिवशीचं तुझं ताट मी पाहिलं होतं. चतकोर भाकरी मोडून तू मोबाइलवर कॅलरी बघत होतीस. पप्पा ओरडले, तू ताटावरून उठलीस आणि सकाळी तशीच गाडीत बसलीस. असो. आज मला तुझ्या शिक्षणाबद्दलच लिहायचंय.

पप्पा म्हणतात, सायन्सला एवढे मार्क पाडून स्वयंपाकाची डिग्री कशाला घ्यायची? मी त्यांना आबांची आठवण करून दिली. डायलिसिस सुरू झालं तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन यायचा. वॉर्डातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी पहिल्याच दिवशी ते बंद केलं, पोटॅशियम वाढतं म्हणून. त्या बाईंनी आधी विचारलं होतं, घरी ज्वारी खाता की गहू, भाजी कोण करतं, पाणी कोणत्या भांड्यानं पितात. मग सांगितलं, भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं. तू सातवीत होतीस. वहीचं पान फाडून 'चालेल', 'थोडं', 'नको' असे तीन रकाने आखलेस आणि फडताळाच्या दाराला डकवलेस. आबा पाणी मागायच्या आधी तुझ्याकडे बघायचे. हे ऐकून पप्पा काही बोलले नाहीत.

तेव्हा डिग्रीला माझी ना नाही, हे आधी लिहून ठेवते. कुठं घ्यायची ते बघ. परभणीला कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय आहे, आपण अजून गृहविज्ञानच म्हणतो. चार वर्षांचं शिक्षण आणि घर जवळ. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे, निर्मला निकेतन कॉलेज आहे. तिथं मोठ्या रुग्णालयांची कामं जवळून बघायला मिळतील, पण खोलीभाडं आणि मेसचं बघावं लागेल. मेसमध्ये तू जेवशील का, हा प्रश्न मला लगेच पडतो.

एक मात्र निक्षून सांगते. ते सहा आठवड्यांत 'न्यूट्रिशनिस्ट' करून देणारे ऑनलाइन कोर्स मनातून काढून टाक. २०२१ च्या कायद्यानं आहारतज्ज्ञ हा आरोग्यसेवेतला नोंदणीचा व्यवसाय ठरवलाय, पदवीसाठी किमान ३६०० तासांचं शिक्षण धरलंय. रुग्णालयात काम करायचं तर पुढं एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर डिप्लोमा, मग इंटर्नशिप, मग इंडियन डायटेटिक असोसिएशनची आरडीची, म्हणजे नोंदणीकृत आहारतज्ज्ञाची परीक्षा. रस्ता लांब आहे आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो. नळीतून अन्न घेणाऱ्या पेशंटचं प्रमाण ठरवायचं असतं बाई, तिथं घाईनं शिकलेलं चालत नाही. बायोकेमिस्ट्रीचा कंटाळा करू नकोस. सकाळी लवकर उठून... बघ, सुरू झालं माझं. सॉरी.

मला स्वतःला वाटतं तू हैदराबादला जावंस. राष्ट्रीय पोषण संस्थेत, पदवीनंतर, एम.एस्सी.ला. नुसत्या ज्वारीवर भागवणाऱ्या लोकांना पेलाग्रा, तो जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार, का होतो, याचा शोध डॉ. गोपालन यांनी तिथंच घेतला, हे तूच मला भाकऱ्या थापताना सांगितलंस. आपल्या घरातल्या भाकरीवर कुणी एवढा विचार केलाय हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मी अंगणवाडीत सगळ्यांना सांगत सुटले, माझ्या मुलीला हे माहीत आहे म्हणून.

आणि आमच्या खात्याला नाक मुरडू नकोस. १९७५ पासून ही अंगणवाड्यांची एकात्मिक बालविकास योजना चाललीय आणि पोषण शिकलेली माणसं अजूनही कमीच. अंगणवाड्यांवर देखरेख करणारी मुख्यसेविका हो, पुढं सीडीपीओची, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याची परीक्षा दे. परवा तांड्यावर एका पोराच्या दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावली, साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल. आई म्हणते, "खातो की चांगला." पोर तिच्या डोळ्यासमोर असतं ना दिवसभर, तिला फरक दिसत नाही. मी तिला समजावून पोराला घेऊन एनआरसीला, म्हणजे पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवलं, आणि परत येताना माझ्या डोळ्यासमोर तूच. तुझ्या पंजाबी ड्रेसच्या बाह्या मी दिवाळीनंतर दोनदा आत घेतल्या. पाळी मागंपुढं होतेय, हे तू सांगितलं नाहीस तरी मला कळतं.

म्हणून विचारते, तेजू. तुला हे शिकायचंय ते आबांच्या तक्त्यामुळं, की अन्नाची भीती वाटते म्हणून? दोन्ही असेल तरी मी रागावणार नाही, आणि तेवढ्यावरून डिग्री नको असंही म्हणणार नाही. पण भीती असेल तर ती कॉलेजात जाऊन आपोआप जायची नाही. तिथं तर दिवसभर कॅलरी, ग्रॅम आणि वजनकाटाच समोर असणार. त्याच्या आधी डॉक्टरांना दाखवू, गरज पडली तर समुपदेशकांना. लाज कसली त्यात?

शैलाताईंच्या मुलीचं काय झालं ते तुला माहीत आहे. मी ते लिहिणार नव्हते.

शनिवारी मावशीबरोबर दवाखान्यात जा, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे, रिपोर्टचा फोटो मला पाठव. नॉन क्रीमिलेअरचं सर्टिफिकेट तहसीलमधून आलंय, पप्पा बुधवारी घेऊन येताहेत. ते तुला काही बोलणार नाहीत, मी सांगून ठेवलंय. फीसाठी त्यांनी सकाळीच पासबुक काढून बघितलं. त्यांच्याबरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दशम्या देतेय. मावशीच्या पोरांना वाट, पण स्वतःला ठेव. आणि संध्याकाळी फोनवर नुसतं "जेवले" म्हणू नकोस, काय जेवलीस ते सांग.

तुझी
आई