क्लिप नको, दुरुस्ती हवी

महोदय,

आमची गाडी २०१९ची. सीटबेल्टचा पट्टा लावलेला असूनही महिनाभर ती टूं-टूं करत होती. कराडहून कोल्हापूरला जाताना पत्नीने शेजारच्या सीटवर पट्टा चारदा काढून पुन्हा लावला, तरी पट्ट्याच्या इशाऱ्याचा दिवा जाईना. गॅरेजवाल्याने खणातून एक लोखंडी क्लिप काढून दिली. "ही बकलात खोचा, कटकट संपली." ती खोचली की पट्टा न लावताही इशारा बंद राहतो, म्हणून मला ते पटलं नाही. मे २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना याच क्लिपा विक्रीतून काढून टाकायला सांगितलं होतं, आणि इथे त्या गॅरेजच्या खणात!

शेवटी एका वायरमनने नीट पाहिलं. त्याच सीटखाली एअरबॅगच्याही वायरी असतात म्हणून आधी बॅटरी काढून ठेवली, मग बकलाकडे जाणारा जोड सोडवला. कधीतरी पाणी सांडलं असावं. पिना हिरव्या पडल्या होत्या. स्प्रे मारून त्या साफ केल्या, जोड घट्ट बसवला. अर्ध्या तासाचं काम. आवाज बंद, आणि पट्टा काढला की पुन्हा चालू, जसा हवा तसा.

परिवहन विभागाने ॲक्सेसरीजची दुकानं आणि गॅरेजं तपासून या क्लिपा जप्त कराव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाहनचालक, कराड