ओळखीची शिवी होऊ नये

माननीय संपादक महोदय,

गोव्यात ‘घाटी’ हा शब्द आज ज्या सुरात उच्चारला जातो, त्याविषयी हे पत्र आहे. चोर्ला किंवा अनमोड घाटापलीकडून आलेला माणूस, एवढाच त्याचा साधा अर्थ. घाटी मसाल्याच्या पाकिटावर तो कोणालाही टोचत नाही. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाजीच्या दरावरून घासाघीस फिसकटली की गिऱ्हाईक ‘ए घाटी’ म्हणून विक्रेतीवर खेकसते, तेव्हा तिला तिची पायरी दाखवण्याखेरीज त्यात दुसरा हेतू उरत नाही. ज्यांचा जन्म इथला आणि ज्यांच्या तोंडी अस्खलित कोंकणी, अशा शाळकरी मुलांनाही हीच हाक ऐकावी लागते, याचे मला फार वाईट वाटते.

‘लमाणी’ची गोष्ट निराळी आहे. ते त्या समाजाचे स्वतःचे नाव असून कर्नाटकातील अनुसूचित जातींच्या यादीत त्याची नोंद आहे. त्यामुळे तो शब्दच टाळा, असे म्हणता येणार नाही. मात्र कळंगुट-बागा किनाऱ्यावरील विनापरवाना विक्रीला ‘लमाण्यांचा उपद्रव’ म्हटले की काहींच्या व्यवसायाचा दोष संपूर्ण जमातीच्या माथी बसतो. 1928 साली मसूरकर महाराजांच्या शुद्धी चळवळीत (धर्मांतरितांना हिंदू धर्मात घेण्याच्या मोहिमेत) ख्रिस्ती धर्म सोडून हिंदू झालेल्या गावड्यांना, म्हणजे गोव्यातील एका आदिवासी समाजाच्या लोकांना, ‘नवहिंदू’ म्हटले गेले, आणि हिंदू म्हणूनच जन्मलेल्या त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही तेच नाव चिकटले. हेटाळणीचा एकही शब्द न वापरता माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवता येते, ते असे.

पोटापाण्यासाठी मुंबईला जाऊन धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावागावांच्या सामाईक वसतिगृहांत, राहिलेल्या गोवेकर ख्रिश्चनांना तिथे ‘मकापाव’ म्हणून हिणवले जाई. तो सल ज्या समाजाला ठाऊक आहे, त्याने तरी हे करू नये. जमिनी आणि नोकऱ्या हातच्या जात असल्याची गोवेकरांची चिंता खरी आहे व ती ठामपणे मांडलीच पाहिजे. तिला ‘घाटी’ या शब्दाची गरज नाही.

आपणास विनंती एवढीच की, आरोपीचा प्रांत, जात किंवा धर्म यांचा गुन्ह्याशी संबंध नसेल, तर तो बातमीच्या मथळ्यात देऊ नये, आणि ‘घाटी’ हा शब्द कोणाच्या तोंडचा असल्यास अवतरणचिन्हांतच छापावा.

आपला,
एक वाचक, म्हापसा