अर्थ आतरी, अण्णा

अण्णा, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, गॅरेज नेमकं कुठं तेही नाही. बाबा म्हणाले त्यास्नी आवडणार नाही, आणि बाबांचा माणसांचा अंदाज सहसा चुकत नाही. पण तुमचा पोरगा दिवसभर मोबाइलवर असतो असं तुम्हीच सांगितलंत, तर कधीतरी त्याच्या डोळ्यांसमोर येईल आणि तो वाचून दाखवेल या आशेवर लिहिते. मच्छे ओलांडून खानापूरकडं जाताना बंद पडलेली, आतून जळकट वास मारणारी पांढरी छोटी गाडी, पुढच्या सीटवर म्हातारा माणूस, मागं वॉकर. आठवलं ना? गुरुवारची गोष्ट. आज सोमवार आहे तरी माझं मन अजून ठिकाणावर नाही.

आधी थोडं रडगाणं ऐकून घ्या, त्या दिवशी तुम्हाला सांगितलंच नव्हतं. गाडी 2008 ची, केए 22 पासिंग. 15 वर्षं झाल्यावर सगळे म्हणाले मोडीत काढा, बाबांनी ऐकलं नाही, आरटीओत पाच वर्षं वाढवून घेतली. उद्यमबागेत 31 वर्षं टर्नर म्हणून उभं राहून काम केलेला माणूस, त्या पैशातून घेतलेली पहिली आणि शेवटची गाडी. गेल्या वर्षी बाबांना झटका आला, उजवा हात गेला आणि बोलणं अडकायला लागलं. डोकं शाबूत, सगळं कळतं, फक्त शब्द यायला वेळ लागतो, आणि आला तरी अर्धा चावलेला येतो. आठवड्यातून दोनदा बेळगावला फिजिओथेरपीला न्यावं लागतं, त्यासाठीच ही गाडी.

तर ती तीन आठवडे चालू होईना झाली. किल्ली फिरवली की नुसतं टक्. परत टक्. बोनेट उघडलं तर बॅटरीची मायनसची वायर एवढी तापलेली की मला चटका बसला. पहिल्यांदा गेले बॅटरीवाल्याकडं. त्यानं गाडीकडं न बघताच सांगितलं बॅटरी डेड, जुनी घेऊन नवी बसवली, 4,200 रुपये. दोन दिवस चालली म्हणून मीही खूश, तिसऱ्या दिवशी पुन्हा टक्. वायर तापतेय हे मी त्याला दोनदा सांगितलं होतं, तर म्हणे नवीन बॅटरीला पॉवर जास्त असते मॅडम, थोडं तापणारच.

मग गेलो एका मोठ्या ठिकाणी, काचेचं ऑफिस, बसायला सोफा, कॉफीचं मशीन वगैरे. तिथल्या पोरानं सेल्फ, म्हणजे गाडी चालू करणारी मोटर, गेलाय, अख्खा बदलावा लागेल, साडेआठ हजार, आणि बाकीची गॅरंटी नाही असं सांगितलं. बाबा गाडीतच बसलेले. ते खिडकीतनं म्हणाले, "अर्थ." पोरानं वळून बघितलं. बाबांनी परत जोर लावून म्हटलं, "अर्थ... अर्थ ब..." पुढचा शब्द निघेना. तर तो पोरगा हसत मला म्हणतो, "बघा मॅडम, अंकलसुद्धा तेच म्हणतायत, एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालण्यात काही अर्थ नाही!"

आणि अण्णा, खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. बाबा कंटाळून म्हणत असतील काय अर्थ आहे. मी मान डोलावली. बाबांनी तोंड दुसरीकडं फिरवलं ते घरी येईपर्यंत तसंच. रात्री जेवले पण नाहीत. मला वाटलं गाडी जाणार म्हणून वाईट वाटलं असेल. पोटची पोर मी, शाळेत चाळीस-चाळीस पोरांचं तोतरं, बोबडं सगळं समजून घेते, आणि घरच्या माणसाचा एक शब्द मला कळला नाही.

गुरुवारी गल्लीतल्या पोरांनी धक्का मारून गाडी चालू करून दिली, फिजिओ उरकलं, परत येताना मच्छेच्या पुढं बंद. क्लच तर इतका जड झालेला की पाय भरून आलेला. एका टेम्पोवाल्यानं ढकलत तुमच्या शेडपर्यंत आणून सोडलं. शेड काय, चार पत्रे, शेजारी पंक्चरवाला, त्याचा कंप्रेसर ढढढढ करत सुटलेला. मी ओरडून ओरडून तुम्हाला सांगत होते, नवी बॅटरी घातलीय, सेल्फ गेलाय म्हणतात, वायर तापते. तुम्ही ऐकत होतात पण बघत होतात बाबांकडं. त्यांचे ओठ हलत होते.

तुम्ही काय केलंत तर शेजारच्या पोराला हात करून म्हणालात, "ए, बंद माडो." कंप्रेसर बंद झाला.

एवढंच. अण्णा, तुम्हाला वाटेल ही काय लिहायची गोष्ट. पण तो आवाज थांबल्यावर जी शांतता झाली ना, रस्त्यावरनं जाणाऱ्या गाड्या सोडून काही नाही, त्यात तुम्ही खिडकीपाशी उकिडवे बसलात, काळ्या ऑइलचा हात दाराला लागू नये म्हणून गुडघ्यावर ठेवलात आणि म्हणालात, "हेळ्री काका. सावकाश." म्हणजे सांगा काका. झटका आल्यापासून बाबांना बोलायला लागलं की लोक दोन गोष्टी करतात. एक तर त्यांचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकतात, नाहीतर बहिऱ्याशी बोलल्यागत मोठ्यानं ओरडतात. आवाज कमी कुणी केला नव्हता. डॉक्टरकडं टीव्ही चालू असतो, नातेवाईक आले की सगळे एकदम बोलतात, मी स्वतः मिक्सर चालू असताना त्यांना काय पाहिजे विचारते.

बाबा म्हणाले, "अर्थ."

तुम्ही दोन सेकंद थांबलात, मग खदखदून हसलात. "अर्थ आतरी काका! अर्थ आतु!"

बाबांना अर्थिंग म्हणायचं होतं, बॅटरीची मायनस गाडीच्या अंगाला जोडलेली असते ते. अर्थ बघा. तीन आठवडे माणूस एकच बोलत होता, अर्थ बघा, अर्थ बघा. मराठीत ऐकून आम्हाला समजलं नाही, आणि तुम्ही कानडीत म्हणालात समजलं. बाबाही हसायला लागले, तोंड एका बाजूला वाकडं होतं हसताना तरी हसले, मी मात्र बोनेटआड तोंड लपवून डोळे पुसले, सोडा ते.

मग तुम्ही मीटर काढलात. मला वाटलं आता तुम्ही बघणार आणि सांगणार. तर तुम्ही मीटर बाबांच्या डाव्या हातात दिलात. एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या अंगाला तुम्ही धरलीत, मला म्हणालात अक्का सेल्फ मारा, आणि बाबांना, आकडा सांगा. मी किल्ली फिरवली. टक्. बाबा मीटरकडं बघत होते, मायक्रोमीटर बघायचे तसे, मान जरा मागं घेऊन. वेळ लागला. तुम्ही घाई केली नाहीत. "चार... पॉइंट... दोन."

तुम्ही म्हणालात बरोबर, आणि तिथं जास्तीत जास्त अर्धा व्होल्ट पाहिजे, चार म्हणजे सेल्फला जायचा जोर वाटेतच खल्लास. बॅटरी बारा व्होल्टची असली म्हणून काय, सेल्फच्या वाट्याला सात-आठ आले तर तो बिचारा टक् करण्यापलीकडं काय करणार. मग तुम्ही एक जाड जंपर वायर बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनला लावलीत आणि पुन्हा मारा म्हणालात, आणि गाडी पहिल्या झटक्याला उठली. नवी बॅटरी नको होती. सेल्फ चांगला होता. माझे 4,200 रुपये त्या बॅटरीवाल्याच्या गल्ल्यात सुखानं नांदोत.

मूळ दुखणं खाली गिअरबॉक्सपाशी. जाड मायनसची वायर जिथं बोल्टनं आवळलेली असते तिथं थिंबलखाली, म्हणजे वायरीच्या टोकाच्या कड्याखाली, हिरवट पांढरी पूड, वायरच्या तारा निम्म्याअधिक कुजून तुटलेल्या. तुम्ही ते सोडवून बाबांच्या तळहातावर ठेवलंत. आणि मला समजावलंत ते तर मी आता शाळेत सांगणार आहे. सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, त्याला परत यायला मोठा रस्ता पाहिजे. रेल्वे गेट पडलं की टिळकवाडीतल्या गाड्या कशा सगळ्या बोळांत घुसतात, तसं जाड वायर बंद झाल्यावर सगळा करंट बॉडीच्या बारक्या वायरीतनं घुसला, म्हणून ती तापली. तेवढ्यानं भागलं नाही तर क्लचच्या केबलमधनं पण. म्हणून क्लच जड, आतलं प्लॅस्टिक वितळलेलं. तुम्ही विचारलंत, "क्लच जड लागत होता का अक्का?" तोपर्यंत मी कुणाला ते सांगितलंही नव्हतं, मला वाटलं वयानं माझेच पाय दुखतायत! आणि तुम्ही जरा रागावून म्हणालात की वायर तापत असताना पुन्हा पुन्हा सेल्फ मारत बसायचं नाही, आधी मायनस सोडायची, नाहीतर एक दिवस बोनेटखाली जाळ दिसेल. ते रागावणं बरं वाटलं. सोफ्यावर बसवून कुणी रागावलं नव्हतं.

नवी वायर घालून, बोल्टखालची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत करून तुम्ही परत मीटर बाबांकडंच दिलात. झिरो पॉइंट दोन. या खेपेला बाबांनी ते एका दमात म्हटलं. फिजिओवाली बाई सहा महिने सांगतेय आकडे म्हणायची प्रॅक्टिस करा, ते करत नाहीत. म्हणतात मी काय बालवाडीत आहे का.

तुम्ही वायरीचे आणि मजुरीचे मिळून 650 घेतलेत. पैसे घेतलेत ते बरं केलंत, नाहीतर बाबांना आवडलं नसतं, उपकार म्हणून केलेलं काम त्यांना चालत नाही. शनिवारी कुंदा घेऊन आले तर तुम्ही शुगर आहे म्हणून परत करत होतात, शेवटी पंक्चरवाल्या पोरानं अर्धा डबा संपवला. कंप्रेसर बंद केल्याबद्दल त्याचाही हक्क होताच म्हणा.

आमच्या या भागात 1956 पासून कुठली भाषा कुणाची यावर किती मोर्चे, किती डोकी फुटली, पाट्यांवरनं तर अजून भांडणं होतात. मी मराठी शाळेतली, माझी मतं मला आहेत आणि ती बदललेली नाहीत. पण त्या दिवशी तुम्ही आणि बाबा तासभर बोलत होता, तुमचं कानडी, त्यांचं मोडकं मराठी, मध्येच उद्यमबागेतली दोघांच्या ओळखीची निघालेली एक फौंड्री. "काळजी माडब्याड्री", काळजी करू नका, म्हणालात निघताना, तर बाबा मला गाडीत म्हणतात, का...ळजी आपलीच की.

घरी आता नवीन चाललंय. मी काही बोलले आणि त्यांना पटलं नाही की म्हणतात "अर्थ बघ." पटलं की "अर्थ आतरी." मिक्सर चालू असताना मी काही विचारलं तर उत्तरच देत नाहीत, बोटानं मिक्सरकडं दाखवतात. बंद कर आधी.

एक विचारायचं राहिलं. नवीन थिंबलवर तुम्ही जे लावलंत ते ग्रीस होतं की पेट्रोलियम जेली? मी म्हणते ग्रीस. बाबा म्हणतात जेली, आणि यावर दोन दिवस आमचं वाजलंय. गुरुवारी परत जाताना थांबतो, बाबांनाच सांगा, मी कंप्रेसरपाशी उभी राहते.

तुमची,
पांढऱ्या गाडीवाली अक्का