‘शक्ती’ म्हणजे फक्त ग्रॅमी नव्हे

संपादक महोदय,
झाकीर हुसेन यांच्यावर छापून येणाऱ्या बहुतेक लेखांत ‘शक्ती’ या वाद्यवृंदाचा उल्लेख २०२४च्या ग्रॅमीपुरताच असतो. याचं वाईट वाटतं. खरी झेप होती ती सत्तरच्या दशकातली. ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ या आपल्या आधीच्या जॅझ-रॉक बँडचा कानठळ्या बसवणारा इलेक्ट्रिक आवाज बाजूला ठेवून ब्रिटिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन अकूस्टिक गिटार घेऊन मांडी घालून बसले. शेजारी झाकीरभाईंचा तबला, एल. शंकर यांचं व्हायोलिन आणि विक्कू विनायकराम यांचा घटम, म्हणजे हातांनी वाजवायचा मातीचा घडा. मॅक्लॉफ्लिन यांनी गिटारच खास बनवून घेतली होती. तिच्या पट्टीवर पडद्यांच्या मधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं, त्यामुळे तार दाबून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, काढता येई. शिवाय सतारीला असतात तशा तरफेच्या, म्हणजे मुख्य तारांबरोबर झंकारणाऱ्या, सात तारा, मुख्य तारांखालून तिरक्या ओढलेल्या. रागसंगीत ऐकणाऱ्याला ती गिटार परकी वाटतच नाही. तबला आणि घटम यांची सवाल-जवाबाची लढत तर पुन्हा पुन्हा ऐकावी अशी!

१९७६-७७मध्ये तीन रेकॉर्ड निघाल्या आणि हा संच लवकरच पांगला. १९९७पासून ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने तो नव्या रूपात आला, पुढे यू. श्रीनिवास यांचं मेंडोलिन आणि आपल्या मुंबईच्या शंकर महादेवन यांचा आवाज त्यात आला. तेही उत्तमच. पण त्या पहिल्या तीन रेकॉर्डवर आपल्या रविवार पुरवणीत एखाद्या जाणकाराकडून सविस्तर लेख लिहवून घ्यावा, ही विनंती.

– एक वाचक, ठाणे